सेवेसाठी परमुलखात जाणारे तरुण

वैशाख लागला म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली ह्या आपल्या रानमुलखात दोन प्रकारची माणसे घराबाहेर पडलेली दिसतात. एक आपल्या गावची मंडळी. ती उजाडण्यापूर्वी तेंदूची पाने तोडावयास रानात शिरतात, ऊन चढण्याच्या आत भारे घेऊन परततात, आणि मग सारे घर पडवीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. सायंकाळी ते पुडे फळीवर मोजून द्यावयाचे असतात. दुसरी मंडळी बाहेरची. पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या, आणि मधूनमधून समुद्रापलीकडच्याही विद्यालयांतील तरुण-तरुणी पाठीवर पिशव्या लावून वरोरा, मूल अथवा गडचिरोली येथे उतरतात. त्यांस कोणी मजुरीने बोलाविलेले नसते. सुट्टीचे आठ दिवस, कोणी महिना-दोन महिने परक्या ठिकाणी राहून कुदळ-फावडे चालवावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, एवढ्या हेतूने ती आलेली असतात. आपल्या मंडळ्यांतील एखाद्या शिकलेल्या मुलासही अशा शिबिराचे पत्र येते, आणि मग आईबाप उपदेशकाकडे येऊन विचारतात की, ह्याला पाठवावे काय? तेथे तो काय करणार, आणि त्यापासून कोणास काय लाभ होणार?

प्रश्न रास्त आहे, आणि त्यास गोड बोलून वाटेला लावू नये. खेड्यातील जाणता माणूस ह्या पाहुण्यांकडे पाहून मनात म्हणतो की, आमच्या दोन गड्यांनी जी माती सकाळच्या प्रहरी हलवावी तीस ही दहा पोरे दोन दिवस लावतात. शिवाय त्यांच्या हातांस फोड येतात, त्यांस ऊन लागते, आणि त्यांच्यासाठी पाण्याचे हंडे वाहावे लागतात ते निराळेच. हे म्हणणे खरे आहे. केवळ मातीच्या टोपल्या मोजावयाच्या असतील तर शहरातील तरुणाची उन्हाळी सेवा हा तोट्याचा व्यवहार होय. तरीही ही चाल शंभर वर्षे टिकली आहे, आणि आपल्याच मुलखात तिच्यापासून एक मोठे काम घडलेले आहे. ते टोपल्यांनी घडले नाही. कशाने घडले, ते प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

ही चाल प्रथम युरोपात निघाली. १९१४ ते १९१८ ह्या महायुद्धात फ्रान्स देशाचा उत्तर व पूर्व भाग तोफांनी इतका भाजून निघाला की, कित्येक गावांचा नुसता मातीचा ढीग उरला. युद्ध संपल्यावर हॉलंडमधील बिल्टहोव्हन गावी शांततावादी लोकांची एक परिषद भरली होती. तेथे एक जर्मन मनुष्य उठून बोलला. त्याचा भाऊ जर्मन सैन्यात होता, व ज्या सैन्याने फ्रान्सची ही दशा केली त्यातच तो होता; म्हणून आपण तेथे जाऊन बांधकामास हात लावावा अशी इच्छा त्याने सांगितली. परिषदेचा चिटणीस पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनिअर होता. त्याचे वडील एके काळी स्वित्झर्लंडचे अध्यक्ष होते. परंतु ह्या पुत्राने सैन्यासाठीचा कर देण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला होता. ठराव पुष्कळ झाले, आता कृती हवी, असे त्याच्या मनाने घेतले, आणि १९२० च्या अखेरीस व्हर्दूनजवळील एस्न ह्या उद्ध्वस्त गावी तो मूठभर सोबती घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. त्यांनी तोफगोळ्यांचे खड्डे बुजविले, रस्ते नीट केले, लोकांसाठी लाकडी घरे उभारली.

येथवरची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. पुढची मात्र सहसा सांगत नाहीत. सरकारी अधिकारी व आसपासचे लोक यांस जर्मन हात नको होते. ज्यांचे पुत्र नुकतेच मातीत गेले होते त्यांस तो सेवाभाव सोसवेना. काही महिन्यांतच, १९२१ च्या वसंतऋतूत, काम बंद करून ह्या मंडळींस निघून जावे लागले. अशा रीतीने जगातील पहिली उन्हाळी-हिवाळी म्हणा, स्वयंसेवकांची छावणी गावच्या मनाची तयारी नव्हती म्हणून मोडली. सेवा करणाऱ्याची इच्छा शुद्ध असली म्हणजे ती घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे, असा नियम नाही. हे ज्यास पहिल्याच दिवशी उमजले तो पुढे पुष्कळ वाचतो.

सेरेझोल मात्र थांबला नाही. ऱ्हाईन नदीच्या महापुराने लिख्टेनश्टाइन हा चिमुकला देश गाळाखाली गेला असता १९२८ साली निरनिराळ्या देशांचे शेकडो स्वयंसेवक तेथे गाळ काढावयास जमले, आणि 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ह्या संस्थेचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात धरणीकंप झाला. त्याच वर्षी सेरेझोल हिंदुस्थानात आला. गांधीजींस व राजेंद्र प्रसादांस भेटला. आणि थोडे सोबती आणून १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरच्या बाजूस पुराच्या पाण्यात बुडणारी खेडी उंच जागेवर वसविण्याच्या कामी तो झटला.

आता हिशेब पाहा. त्या काळी बिहारात मजुरास दिवसाकाठी काही आणे मिळत. एका युरोपियनाच्या जहाजभाड्यात कितीतरी बिहारी मजूर महिनोन्महिने कामास लावता आले असते. मग हे लोक कशास आले? ज्या दिवसांत गोरा मनुष्य म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे घोड्यावर बसून हुकूम सोडणारा, अशी खेड्यापाड्यांची समजूत होती, त्या दिवसांत पन्नाशी उलटलेला एक गोरा इंजिनिअर देशी लोकांच्या समितीखाली राहून चिखलात उभा राहिला. पाहणाऱ्यांच्या मनात त्यामुळे काय हलले असेल, हे मोजण्याचे माप नाही. परंतु माती हलली त्याहून ते अधिक असावे, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या मुलखाकडे वळू; कारण त्याच संस्थेचे तरुण पुढे आपल्या दाराशी आले.

मुरलीधर देविदास आमटे, ज्यांस सारा देश बाबा आमटे म्हणून ओळखतो, यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि १९५१ साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे व सहा रोगी यांस बरोबर घेऊन ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात राहावयास गेले. जवळ एक लंगडी गाय होती व चौदा रुपये होते. तेथे त्यांनी विहीर खणली, जमीन फोडली, आणि त्या जागेस आनंदवन हे नाव दिले. कुष्ठरोग्यास भिक्षा नको, काम द्या, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांची बोटे झडली होती त्यांनीच ती जमीन पिकाऊ केली. थोड्याच काळात भाजीपाला घरच्या गरजेपेक्षा अधिक निघू लागला.

पण तो घ्यावा कोणी? वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनची भाजी कोणी हातात धरीना. रोग्यांनी पिकविलेले खाल्ले तर आपणांसही तो रोग जडेल, ही भीती. जमीन जिंकली, पाणी लागले, पीक आले. आणि सारे कष्ट ह्या एका भीतीपाशी येऊन अडले. वाचकांपैकी ज्यांच्या आजा-पणजांनी विहिरीवर दूर उभे राहून पाणी मागितले असेल त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

अशा वेळी, १९५० नंतरच्या त्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण आनंदवनात आले. ते नाना देशांचे होते. काही महिने तेथेच राहिले, आणि रोग्यांच्या खांद्यास खांदा लावून त्यांनी पक्क्या इमारतींचे बांधकाम केले. इमारती बऱ्या झाल्या असतील. परंतु वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले ते भिंतींकडे नव्हे. दूरदेशाहून आलेली ही शिकलीसवरलेली धडधाकट मुले रोग्यांच्या वस्तीत निजतात, त्यांनी पिकविलेले धान्य व भाजी त्यांच्याच पंक्तीस बसून खातात, आणि त्यांस काहीही होत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. प्रथम कुतूहलाने, मग धीर करून लोक आनंदवनात येऊ लागले. भीती ओसरली, आणि भाजीस व दुधास गिऱ्हाईक मिळाले.

हे ह्या पाठाचे मर्म आहे, म्हणून येथे जरा थांबावे. त्या तरुणांनी जी भिंत बांधली ती कोणताही गवंडी बांधू शकला असता. त्यांनी जे जेवण केले ते मात्र त्या दिवसांत वरोऱ्यातील फारच थोड्यांच्याने झाले असते. परक्याचा उपयोग येथे परका म्हणूनच झाला. गावातील जुन्या भीतीने त्याचे हातपाय बांधलेले नव्हते. आणि तो दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे राहावयास तयार झाला. त्याने दिले थोडे व घेतले पुष्कळ. त्या घेण्यानेच रोग्यांची पत वाढली. जो मनुष्य आजवर केवळ भीक घेत होता तो यजमान झाला, आणि पाहुणा त्याच्या घरचे खाऊन तृप्त झाला.

(कुष्ठरोगाविषयी आज जे ठाऊक आहे तेही उपदेशकांनी ह्या निमित्ताने मंडळीस सांगावे. हा रोग एका जंतूपासून होतो. तो वंशपरंपरेने येत नाही. सहजासहजी लागत नाही. १९८० नंतर प्रचारात आलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पुरता बरा होतो, आणि उपचार सुरू होताच रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे भय लवकरच नाहीसे होते. अंगावर फिकट अथवा लालसर, बधिर चट्टा दिसला की सरकारी दवाखान्यात दाखवावे. औषध विनामूल्य मिळते.)

ह्यानंतर बाबांनी सरकारकडून मूल तालुक्यात, मारोडा गावाजवळ सोमनाथ येथे जंगलातील जमीन मिळविली, आणि १९६७ पासून तेथे दुसरी वसाहत उभी राहू लागली. तेथे तरुणांसाठी श्रमिक विद्यापीठ काढावे असा त्यांचा मनोदय होता. विद्यापीठ जसे योजिले तसे झाले नाही. परंतु त्याच्या पोटी एक निराळे फळ आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सोमनाथ येथे दर मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली, आणि ती चाल अर्धशतकाहून अधिक काळ चालत आली आहे. पहाटे उठावे, उन्हापूर्वी श्रमास लागावे, दुपारी सावलीत व्याख्याने व चर्चा, रात्री गाणी-बजावणी, असा तेथील क्रम.

मे महिनाच का? कारण साधे आहे. विद्यालयांस सुट्टी असते हे एक. आणि बोडीतला गाळ काढणे, धुरे घालणे, नाल्यास बांध घालणे, ही आपल्याकडची कामे मृगाच्या आत उरकली पाहिजेत हे दुसरे. एकदा बांधीत पाणी उभे राहिले की कुदळीचे काम संपले. म्हणून चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढलेला असता हे काम करावे लागते, आणि हा नियम शहरच्या पोरांनी केलेला नसून पावसाने केलेला आहे.

सोमनाथच्या छावणीत आलेल्या तरुणास पहिला धडा मिळतो तो कुदळ धरण्याचा; आणि तो देणारे पुष्कळदा रोगमुक्त शेतकरी असत, ज्यांच्या हातास पुरती बोटे नाहीत. दहा बोटांचा पदवीधर दोन बोटांच्या माणसापाशी शिकतो. जो ह्या ठिकाणी आपण कोणावर उपकार करावयास आलो अशा भ्रमाने आलेला असतो त्याचा भ्रम न्याहारीच्या आत उतरतो. अशा छावण्यांतून तयार झालेली तरुण मंडळी हाताशी होती म्हणूनच डिसेंबर १९८५ मध्ये बाबांस 'भारत जोडो' यात्रा काढता आली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून निघून पाच हजारांहून अधिक किलोमीटर चालून १९८६ साली काश्मिरात पोचल्या. बाबांस कण्याच्या विकाराने बसवत नसे. ते गाडीत निजून त्यांच्याबरोबर गेले. पंजाबात त्या वेळी रक्त सांडत होते, हे ज्यांस आठवते त्यांस त्या यात्रेचे मोल कळेल.

परंतु आठ दिवसांची छावणी ती छावणीच. काही थोडे लोक राहून जातात, आणि खरे काम बहुधा त्यांच्या हातून होते. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश व सून डॉ. मंदाकिनी हे दोघे तेथे राहावयास गेले, आणि काही तरुण कार्यकर्ते त्यांच्याबरोबर राहिले. माडिया लोक प्रथम त्यांच्याजवळ येत नसत. औषध होते, डॉक्टर होते, पण शब्द नव्हता. मग डॉक्टरांनी माडिया भाषा शिकावयास घेतली. ज्यांच्या अंगावर पुरते वस्त्र नव्हते त्यांच्यात पोशाख करून वावरणे बरे न वाटून डॉ. प्रकाश यांनी बंडी व आखूड चड्डी एवढाच वेष ठेविला. हळूहळू एक रोगी बरा होऊन गेला, त्याने दुसऱ्यास पाठविले. पुढे १९७६ साली शाळा निघाली. ह्या कामास २००८ साली रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे. भाषा शिकण्यात किती दिवस नुसते बसून काढावे लागले, ते फारसे कोणी विचारीत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. त्यांच्या शोधग्रामातील दवाखान्याची हकीकत अशीच बोधप्रद आहे. आदिवासी लोक सरकारी इस्पितळाच्या मोठ्या इमारतीस भीत. म्हणून दवाखाना कसा असावा हे लोकांसच विचारले. त्यांच्या सांगण्यावरून तो त्यांच्या वस्तीसारखा झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला, आणि त्यास नाव पडले ते त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. येथे वाचकांतील काहींच्या मनास अडखळल्यासारखे होईल. आमचे म्हणणे एवढेच की, घर ज्याचे त्यानेच त्यास नाव ठेवावे, आणि आजारी माणूस दाराशी भिऊन परत जाऊ नये. ह्याच ठिकाणी २००६ पासून 'निर्माण' नावाचा तरुणांचा शिक्षणक्रम चालू झाला; त्यात तरुणाने आपल्या आयुष्याचे काय करावे, हा प्रश्न त्यास स्वतःलाच सोडवावयास लावितात.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीने तर बाहेरच्यांस वागविण्याची एक रीतच घालून दिली आहे, आणि ती आपल्या प्रत्येक गावाने शिकण्याजोगी आहे. त्या गावी मोहन हिराबाई हिरालाल नावाचे कार्यकर्ते अभ्यासासाठी आले. जयप्रकाशजींच्या तरुणांच्या चळवळीतून आलेला हा मनुष्य पुढारी होऊन बसला नाही. गावाने अभ्यासगट निराळा केला व ग्रामसभा निराळी ठेविली. अभ्यासगटात बाहेरच्याने यावे, आपणांस ठाऊक असेल ते सांगावे, गावकऱ्यांनी प्रश्न विचारावे, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वांची संमती झाल्यावर; तेथे पाहुण्यास मत नाही. ह्या रीतीने चालून मेंढा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर आपला सामूहिक हक्क कायद्याने मिळविला, आणि २०११ साली बांबू विकण्याचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला. देशात ह्या कामी ते पहिल्यांपैकी गाव ठरले. बाहेरच्याची विद्या त्यांनी घेतली. बाहेरच्याची सत्ता घेतली नाही.

आता ह्या व्यवहाराची काळी बाजूही मुलांस सांगितली पाहिजे. अलीकडे परदेशी सेवेस जाणे हा श्रीमंत देशांत एक धंदा झाला आहे. तरुणांकडून भरपूर पैसे घेऊन त्यांस दोन आठवडे कोठेतरी 'सेवा' करून आणणाऱ्या कंपन्या आहेत. कंबोडिया व नेपाळ ह्या देशांत तर असे उघडकीस आले की, परदेशी पाहुण्यांस दया यावी म्हणून आईबाप जिवंत असलेली मुले अनाथ म्हणून आश्रमांत आणून ठेवली जात. पाहुणा येई, मुलांस कवटाळी, खाऊ देई, पैसे देई व निघून जाई. पुढच्या महिन्यात दुसरा येई. त्याच्या दयेनेच ती मुले घरापासून दुरावली. सेवकाचे मन शुद्ध होते. पण त्याने कोणास विचारले नव्हते.

आपल्याकडे इतकी अधोगती नसेल, तरी लहान प्रमाणावर तशीच चूक सहज होते. ज्या मातीकामावर गावच्या मजुरास रोजी मिळावयाची तेच काम पाहुण्यांनी फुकट केले तर त्या मजुराच्या चुलीवरची आंबील त्यांनी काढून घेतली असे होते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो उगीच नव्हे. उन्हाळ्यात रानमुलखातील माणसास कामाची गरज असते. म्हणून श्रमदान कोठे करावे, तर ज्या कामास कोठूनही मजुरी मिळणार नाही, आणि ज्यात गावकरी स्वतःही हात घालणार आहेत, तेथे. त्यातही तेंदूचा हंगाम आडवा येतो. पानांचे ते थोडे दिवस म्हणजे पुष्कळ घरांची वर्षाची रोकड असते. त्याच दिवसांत शिबिरवाल्यांनी 'गावकरी श्रमदानास येत नाहीत, आळशी आहेत' असे म्हटले, तर आळस कोणाच्या डोक्यात आहे हे सांगावयास नको.

जाणाऱ्या मुलांस उपदेशकाने थोडक्यात इतके सांगावे. ज्यांच्याकडे जाणार त्यांनी बोलाविले आहे काय, आणि आपण परतल्यावर ते काम पुढे चालविणारा तेथे कोण आहे, हे निघण्यापूर्वी पत्र घालून विचारावे. ह्या दुसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल तर जाण्यात अर्थ थोडा. तेथील भाषेतील पन्नास शब्द तरी घोकून जावे. नमस्कार, पाणी, पुरे, दुखते कोठे, हे आधी. यजमान जे वाढील ते खावे, आणि आपल्या पिशवीतील खाऊ मुलांत उधळू नये. विचारल्यावाचून कोणाचे, विशेषतः रोग्याचे व उघड्या अंगाच्या माणसाचे, छायाचित्र घेऊ नये. उन्हाचे काम सकाळी नऊच्या आत संपवावे. डोक्यास ओला रुमाल, जवळ मीठ-साखरेचे पाणी. घाम थांबून अंग तापले व माणूस बरळू लागला तर त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व दवाखान्याची वाट धरावी, कारण ऊन लागून माणूस थोड्या वेळात दगावतो. गडचिरोलीकडे जाणाऱ्याने मच्छरदाणी विसरू नये. तिकडचा हिवताप डोक्यात जाणारा असतो. पाऊस पडल्यावर तो बळावतो, तरी उन्हाळ्यातही ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

ज्या गावी अशी मंडळी उतरणार त्यांनीही काही गोष्टी सांभाळाव्या. परदेशी पाहुणा घरी राहावयास आला तर चोवीस तासांच्या आत त्याची वर्दी सरकारात दिली पाहिजे. ती कशी द्यावी हे पोलीस ठाण्यात विचारून ठेवावे. कोणत्या परवान्यावर तो आला आहे, व त्यावर सेवाकार्य करण्याची मोकळीक आहे काय, हे संस्थेने पाहावे, गावाने नव्हे. परंतु विचारण्यास लाजू नये. पाहुण्यांस उंच आसन देऊन हार घालीत बसू नये. पहिल्या सकाळी त्यांच्या हाती कुदळ द्यावी, आणि गावातील जो मनुष्य ती उत्तम चालवितो, मग तो कोणत्याही जातीचा व कितीही गरीब असो, त्यास त्यांचा गुरू नेमावा. पाहुण्याचे जेवण एका मोठ्या घरी न ठेविता पाळीने घरोघर ठेवावे. ज्या घरी गावातील लोक पाणी पीत नाहीत त्या घराची पाळी अगोदर लावावी. आनंदवनच्या भाजीची गोष्ट आठवावी.

पाठ घेणाऱ्याने शेवटी मंडळीस विचारावयाचे ते असे. एस्न गावच्या लोकांनी जर्मनांस परत पाठविले. तुम्ही त्या गावचे असता तर काय केले असते? आपल्या गावात असे कोणते घर आहे, की ज्याच्या घरचे आपण खात नाही व बाहेरचा येऊन खाईल तर आपणांस आश्चर्य वाटेल? मागे कोणी बाहेरची मंडळी येऊन काही बांधून गेली असतील तर ते बांधकाम आज कोणत्या दशेत आहे, आणि त्याची डागडुजी कोणी करावी असे त्या वेळी ठरले होते? यंदा मृगापूर्वी आपल्या बोडीचा गाळ काढावयाचा झाल्यास तो गाळ कोणाकोणाच्या बांधीत पडावा, ह्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे काय?